एस२१ अजून चालतोय. नवा फ्लॅगशिप (सगळ्यात वरच्या दर्जाचा) फोन घ्यावा का? (रानफुलांचे फोटो हे मुख्य काम)

सोनकी

नमस्कार मंडळी. घरात विचारून विचारून सगळे कंटाळले, म्हणून शेवटी इथे धागा काढतेय.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. जून ते ऑक्टोबर जवळजवळ प्रत्येक रविवार सड्यावर (कातळी पठारावर) जातो. कधी कास, कधी चाळकेवाडी, कधी ठोसेघरच्या बाजूला. दिसेल त्या फुलाचा फोटो काढायचा आणि आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या साइटवर) ठिकाणासकट नोंद करायची, हे गेली सहा वर्षं नेमाने चालू आहे. कॅमेरा म्हणजे फोनच. वेगळा कॅमेरा घेऊन चिखलात गुडघे टेकायला मला जमत नाही.

फोन सॅमसंग गॅलक्सी एस२१, १२८ जीबी, जुलै २०२१ मध्ये घेतलेला. आता त्याची अवस्था सांगते.

बॅटरी बसलीय. सकाळी सहाला शंभर टक्के घेऊन निघाले तर अकराला वीसवर येते. जीपीएस चालू असतं आणि उन्हात दिसावं म्हणून ब्राइटनेस पूर्ण, हे मान्य. पण दोन वर्षांपूर्वी याच वापरात दुपारी घरी येईपर्यंत चाळीस टक्के उरायचे. या सप्टेंबरात एका डबक्याच्या काठाला सीतेची आसवे मस्त फुलली होती. चौथा फोटो काढताना फोन बंद पडला. एसटीच्या तिकिटाच्या मागे पेन्सिलीने खुणा लिहिल्या, "तिसरी पवनचक्की, उजवीकडचा कातळ, जांभळट, पाण्यालगत", आणि घरी येऊन नकाशावर अंदाजाने टिंब ठेवलं. अशी नोंद मला स्वतःलाच पटत नाही.

दुसरं दुखणं फोकसचं. सोनकी, तेरडा, कारवी छान येतात. पण गेंद किंवा सीतेची आसवे अशा इवल्या फुलांजवळ फोन नेला की मागचं गवत लख्ख आणि फूल म्हणजे पांढरा नाहीतर जांभळा डाग. दहातले आठ फोटो जातात.

तिसरं, जागा संपलीय. एकतीस हजार फोटो आहेत, आणि या फोनला मेमरी कार्डाची सोय नाही.

भिशीचे साठ हजार हातात आलेत, वर वीस-पंचवीस घालता येतील. दीर म्हणतात एस२५ किंवा आयफोन १७ घेऊन टाक. हे म्हणतात, "चालतोय ना? मग?" तुमचं काय मत?

---

घाटवाट

एस२५ घ्या, फार विचार करू नका. मी शनिवार-रविवार डोंगरातच असतो. भर उन्हात स्क्रीन दिसणं ही किती मोठी गोष्ट आहे ते तिथे गेल्यावरच कळतं. तुमच्या एस२१ची स्क्रीन जास्तीत जास्त १३०० निट्सपर्यंत (निट म्हणजे उजेडाचं माप) उजळते, एस२५ची २६००. कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरून ५० वर जातो. साडेचार वर्षं फोन वापरलात, तो पुरेपूर वसूल झाला.

---

कळफलक

घाटवाट, स्क्रीनचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण सोनकीताईंचं दुखणं वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमचा एस२१ जानेवारी २०२१ मध्ये आला, एस२५ जानेवारी २०२५ मध्ये. मध्ये चार वर्षं गेली. आता दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. स्क्रीन ६.२ इंच, इथेही ६.२. रिफ्रेश रेट १२०, इथेही १२०. बॅटरी ४००० एमएएच, इथेही ४०००. चार्जिंग २५ वॅट, इथेही २५. प्रोसेसर कितीतरी पुढे गेलाय, रॅम ८ची १२ जीबी झालीय, नवा चिपसेट वीज कमी खातो त्यामुळे तीच बॅटरी जास्त पुरते, हे सगळं खरं. पण "माझी बॅटरी अकराला संपते" या तक्रारीतला मोठा भाग फोन जुना असण्याचा नाही, बॅटरी जुनी असण्याचा आहे. लिथियम-आयन बॅटरी वापराने आणि उष्णतेने झिजते. साडेचार वर्षं रोज चार्ज केली तर कुठल्याही कंपनीची बॅटरी अशीच होते.

आता फोकस, कारण तुमच्यासाठी खरा प्रश्न तोच आहे. फोनमध्ये मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेला फोटो बहुतेक वेळा अल्ट्रावाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) कॅमेऱ्याने निघतो, आणि त्याला ऑटोफोकस असेल तरच. एस२१च्या अल्ट्रावाइडला ऑटोफोकस नाही. साध्या एस२५च्या अल्ट्रावाइडलाही नाही. म्हणजे ८०,९९९ रुपये (एस२५ची भारतातली सुरुवातीची किंमत) मोजूनही सीतेच्या आसवांचा प्रश्न जिथे होता तिथेच राहतो. एस२५ अल्ट्रामध्ये ती सोय आहे, पण तो आला तेव्हा १,२९,९९९ ला होता.

मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा झाला तरी जवळून फोटोसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. उलट सेन्सर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) मोठा झाला की कॅमेरा फुलापासून थोडा लांबच धरावा लागतो.

आयफोन १७ मध्ये मात्र अल्ट्रावाइडला ऑटोफोकस आहे, अगदी दोन सेंटिमीटरपर्यंत जाता येतं. आला तेव्हा ८२,९०० ला २५६ जीबी होता, म्हणजे जागेचाही प्रश्न सुटतो. नुसतं मॅक्रो बघायचं तर या दोघांत आयफोन सरस.

---

सोनकी

कळफलक, मनापासून आभार. दुकानात दोनदा जाऊन आले, एकानेही हे सांगितलं नाही. "पन्नास मेगापिक्सेल आहे मॅडम, झूम करून बघा" एवढंच. मी तर जवळजवळ पैसे देऊनच येणार होते.

मग आयफोन १७? अँड्रॉइड सोडायची थोडी धास्ती वाटते, पण जमवेन.

---

पठारी

थांबा ताई, घाई करू नका. मी पंधरा वर्षं सड्यांवर फोटो काढतोय. दोन सेंटिमीटर हा आकडा कागदावर छान दिसतो, प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो.

फुलापासून दोन सेंटिमीटरवर फोन नेला की सगळ्यात आधी फोनचीच सावली फुलावर पडते. आणि सीतेची आसवे काही एकटी नसतात, गालिचाच असतो. मधल्या एका फुलाच्या इतकं जवळ जायचं तर शेजारच्या पन्नास फुलांवर कोपर किंवा गुडघा टेकतो. गेंद असतो तिथे खाली ओली माती असते, एक पाऊल पडलं की त्या हंगामापुरती ती जागा गेली. कासला तर आखलेली वाट सोडायचीच नाही. वाटेच्या कडेला जेवढं मिळेल तेवढंच दोन सेंटिमीटरवर येणार.

तुम्हाला हवाय लांबून जवळचं टिपणारा कॅमेरा, टेलिफोटो मॅक्रो. उदाहरणार्थ व्हिवो एक्स२०० प्रो. त्याचा २०० मेगापिक्सेलचा टेलिफोटो वाटेवर उभं राहून, हात लांब करून, छोटं फूल भरून घेतो. फुलाला धक्का नाही, सावली नाही, मागचं सगळं मऊ. भारतात आला तेव्हा ९४,९९९ किंमत होती, तुमच्या आवाक्याच्या जरा वर आहे हे कळतं. मी तोच वापरतो. या वर्षी पहिल्यांदाच पूर्ण हंगाम गुडघे कोरडे राहिले.

पण तुमच्याकडे आत्ता आहे त्या फोनवरही एक गोष्ट करून बघता येईल. हजार-बाराशेला चिमट्याने लावायची क्लोज-अप लेन्स मिळते. दहा डायॉप्टरची घ्या. दहा डायॉप्टर म्हणजे कॅमेरा लांबचं बघत असला तरी फोकस बरोबर दहा सेंटिमीटरवर बसतो. कुठल्या कॅमेऱ्यावर लावायची, ते महत्त्वाचं. एस२१ मध्ये ६४ मेगापिक्सेलचा एक सेन्सर आहे, टेलिफोटो म्हणून दिलेला. कॅमेरा ॲपमध्ये फोटोचा आकार निवडतो तिथे "३:४ ६४एमपी" असा पर्याय आहे, तो निवडला की तोच सेन्सर चालू होतो. लेन्स त्याच भोकावर लावायची. साधा ३x झूम वापरू नका, जवळची वस्तू दिसली की फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर उडी मारतो.

माझा ढोबळ हिशेब असा. एक सेंटिमीटरचं फूल मुख्य कॅमेऱ्यात दहा सेंटिमीटरवरून जेमतेम तीनशे पिक्सेल भरतं, या ६४च्या सेन्सरवर सातशेच्या आसपास. पाकळीवरच्या रेषा ओळखायला तेवढं पुरतं. फायली मोठ्या होतात, तेवढं लक्षात ठेवा.

---

पेचकस

पुण्यात तपकीर गल्लीजवळ माझं दुरुस्तीचं काम आहे, वीस वर्षं झाली. बॅटरीबद्दल सांगतो.

एस२१ची बॅटरी बदलता येते आणि बदलावी. पण तीन गोष्टी सांभाळा. कंपनीच्या अधिकृत सेंटरलाच द्या, बिल घ्या. बाहेर पाचशे-सहाशेची बॅटरी मिळते, ती वर्षभरात फुगते आणि मागचं झाकण उचलते. अशा फुगलेल्या मी आठवड्याला दोन-तीन काढतो, आणि काढताना प्रत्येक वेळी हात जपून चालवावा लागतो. दुसरं म्हणजे फोन उघडला की मागच्या झाकणाचं पाणीरोधक गोंदपट्टीचं सील तुटतं. नवीन पट्टी लावून द्या असं तोंडाने सांगा आणि लावली का ते विचारा. आयपी६८ म्हणजे गोड्या पाण्यात दीड मीटर खोल, अर्धा तास. पण ही कसोटी नव्या फोनची असते. साडेचार पावसाळे काढलेल्या फोनला ती लागू धरू नका. तिसरं, फोन देण्याआधी सगळं कॉपी करून ठेवा.

आणि चार्जिंग सड्यावरून आल्या आल्या करू नका. खिशात उन्हाने तापलेला फोन तसाच चार्जिंगला लावणं याच्याइतकी बॅटरी दुसऱ्या कशाने खराब होत नाही. अर्धा तास पंख्याखाली ठेवा, मग लावा.

---

हिशेबनीस

मी हप्त्यांबद्दल लिहितो, कारण वर वीस-पंचवीस हजार घालायचे म्हटलं की दुकानात लगेच "बिनव्याजी हप्ता" पुढे करतात.

बिनव्याजी असं काही नसतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बंधन घातलं. आता होतं असं, की बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट आधी देतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो, तो तुमच्या माथी. समजा ८१,००० चा फोन, १२ हप्ते, हप्ता ६,७५०. बँकेचा दर १६ टक्के धरला तर त्या ८१ हजारांत सुमारे ६,६०० रुपये व्याज दडलेलं असतं, आणि त्यावरचा जीएसटी सुमारे १,१९० रुपये वेगळा. वर प्रोसेसिंग फी, तिच्यावर पुन्हा जीएसटी. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुतेक वेळा या योजनेत मिळत नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं. दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा, मगच हप्त्याचा.

दुसरी गोष्ट, तुम्ही नोव्हेंबरात विचारताय. सॅमसंगची एस मालिका दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत बदलते. त्यानंतर आधीच्या मॉडेलचा भाव उतरतो. तुमचा हंगाम जूनला सुरू. आत्ता घेतलेला फोन सहा महिने स्टाफरूमच्या टेबलावर जुना होईल.

---

घाटवाट

हिशेबनीस, भाव उतरेल हे मान्य. पण सुरक्षा अपडेटचं काय? एस२१ला अँड्रॉइड १५ हे शेवटचं मोठं अपडेट मिळालं, आणि सुरक्षा अपडेटची पाच वर्षंही २०२६च्या सुरुवातीला संपतात. ताई त्याच फोनवर यूपीआय आणि बँक वापरत असणार. बॅटरी बदलून फोन तरुण होत नाही. मी माझं मत बदलत नाही, नवा घ्या.

---

कळफलक

घाटवाटांचा मुद्दा हलका घेऊ नका. अपडेट थांबलं म्हणून दुसऱ्या दिवशी फोन बंद पडत नाही, बँकेची ॲपही बराच काळ चालतात. पण नंतर सापडणारी भोकं बुजवली जात नाहीत. सहा-आठ महिने काढायचे असतील तर एवढं करा: यूपीआयला जोडलेल्या खात्यात गरजेपुरतेच पैसे, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात. अनोळखी लिंकवरून कुठलंही ॲप घ्यायचं नाही. वर्षानुवर्षं मात्र असा फोन पैशांसाठी वापरू नका.

आणि एक बारीक गोष्ट. एस२४ पासून सॅमसंग सात वर्षं अपडेट देते, पण ती सात वर्षं फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही. एस२५ आज घ्या नाहीतर वर्षाने घ्या, मुदत २०३२च्या सुरुवातीलाच. उतरलेला भाव आणि कमी झालेलं आयुष्य दोन्ही एकत्र मोजायचं. आयफोनचंही लांब चालतं, २०१९चा आयफोन ११ आज आयओएस २६ वर चालतोय.

---

दूरदेशी

मी श्टुटगार्टला असते. इथे २० जून २०२५ पासून युरोपीय संघाचा नियम लागू झालाय: विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता टिकवणारी हवी, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट द्यायचे. दुकानात फ्रीजसारखं लेबल लागतं, त्यावर बॅटरी किती वेळा चार्ज होऊन टिकते तो आकडा असतो. मी या उन्हाळ्यात ते लेबल वाचून आईसाठी फोन निवडला. सोनकीताई, कुठलाही फोन ठरवलात तरी त्याचं युरोपचं लेबल इंटरनेटवर शोधून बघा. कंपनी तीच, मॉडेल तेच असलं तर अंदाज येतो.

---

परसबाग

मला तांत्रिक काही कळत नाही, पण एकतीस हजार फोटो एकाच फोनमध्ये आहेत हे वाचून पोटात गोळा आला. माझ्या बाबांचे शेवटच्या दोन वर्षांचे फोटो फोन पाण्यात पडून गेले. ताई, नवा फोन घ्या न घ्या, आज रात्री ते फोटो दुसरीकडे ठेवा.

---

कळफलक

परसबाग यांना अनुमोदन. गुगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ लाच संपली, आता १५ जीबीच फुकट. एक टीबीची पोर्टेबल एसएसडी (बाहेरून जोडायची साठवण) घ्या, टाइप-सी वायरने थेट फोनला लागते. एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट करा, म्हणजे लॅपटॉपलाही चालेल. फोनमधलं माय फाइल्स ॲप उघडून डीसीआयएम (कॅमेऱ्याच्या फोटोंचं) फोल्डर कॉपी करायचं. हलवायचं नाही, आधी कॉपी, मग उघडून बघायचं, मग फोनमधलं काढायचं. ठिकाणाची माहिती फोटोच्या फाइलमध्येच असते, ती तशीच राहते. व्हॉट्सॅपवरून मात्र पाठवू नका, तिथे ती निघून जाते.

---

सोनकी

धागा वर काढतेय. बारा दिवस झाले, तुम्ही एवढा वेळ दिलात म्हणून काय काय झालं ते सांगायलाच हवं.

परसबाग, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच रात्री मुलाची एसएसडी मागून घेतली. कॉपी व्हायला पावणेतीन तास लागले. मी शेजारी बसून राहिले. २०२१च्या ऑगस्टमधला कासचा एक फोटो मध्येच उघडला, माझ्या विद्यार्थिनी धुक्यात ओळीने उभ्या. त्यातली एक आता वनस्पतीशास्त्रात एमएस्सी करतेय. तिला पाठवला.

बॅटरी अधिकृत सेंटरला बदलली. पेचकसदादांनी सांगितलं तसं सीलचं विचारलं. काउंटरवरच्या मुलाने आधी "होतं ते आपोआप" म्हटलं, मी पुन्हा विचारल्यावर आतून विचारून आला आणि बिलावर लिहून दिलं. एकूण तीन हजारांच्या आत काम झालं. गेल्या रविवारी मुद्दाम सज्जनगडावर गेले, जीपीएस चालू, ब्राइटनेस पूर्ण. सहाला निघाले, साडेबाराला घरी, अडतीस टक्के शिल्लक.

लेन्स कालच आली. पहिले वीस फोटो वाया गेले, कारण मी चुकीच्या भोकावर लावत होते. पठारीदादा, ते मधलं की खालचं यात माझा गोंधळ झाला. मग एकेका भोकावर बोट ठेवून कुठल्या वेळी स्क्रीन काळी होते ते बघितलं, आणि सापडलं. तेव्हापासून दहा सेंटिमीटर मोजायला फोनच्या कव्हरला एक काडी चिकटवलीय. काडीचं टोक फुलाला लागायच्या किंचित आधी थांबायचं.

ठरवलंय ते असं. आत्ता घेत नाही. भिशीचे साठ हजार सहा महिन्यांच्या ठेवीत टाकले, मेमध्ये सुटतील. तोपर्यंत जानेवारी-फेब्रुवारीतले नवे फोन आलेले असतील, भाव बसलेले असतील. यूपीआयचं खातं वेगळं केलं, त्यात पाच हजारांवर ठेवत नाही. घाटवाट, तुमचं म्हणणं सोडलेलं नाही, पुढचा पावसाळा नव्याच फोनवर. फक्त तो टेलिफोटो मॅक्रोवालाच असेल. दुकानात जाताना पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा नाही विचारणार. खिशातून गेंदाचं वाळलेलं बोंड काढून टेबलावर ठेवणार आणि म्हणणार, हातभर लांबून याचा फोटो काढून दाखवा.

आज सकाळी अंगणात तुळशीची मंजिरी टिपली, चौसष्टच्या सेन्सरवर. जांभळट पाकळी, त्यातून बाहेर आलेले केसर, आणि एका फुलावर पिवळसर रंगाचा एवढासा किडा, जो मला डोळ्यांनी दिसलाच नव्हता. नोंद टाकलीय. किडा कुठला ते कोणी ओळखलं तर इथे सांगा.

---

पठारी

फोटो बघितला. पायांचे सांधे मोजता येतायत. फुलकिड्यासारखा वाटतो, पण पंखांच्या कडा दिसल्या तर नक्की सांगता येईल. उद्या सकाळी ऊन चढायच्या आधी त्याच मंजिरीचा बाजूने एक काढा, काडी डाव्या हाताला धरून.